पुडीवर काय लिहावे? वैद्य व औषधविक्रेते यांच्या आचारधर्माचा विचार

आयुर्वेदाच्या व्यवसायास कायद्याने दोन सवलती दिल्या आहेत. त्यांचा लाभ आपण सारेच नित्य घेतो. परंतु त्यांची चर्चा आपल्या सभा-संमेलनांतून क्वचितच होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यामध्ये १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. त्यातील ‘३३ ईईसी’ या कलमाने विनापरवाना औषधनिर्मितीस मनाई केली आहे. मात्र जो वैद्य स्वतःच्याच रुग्णांसाठी औषध तयार करतो, त्याला या कलमातून वगळले आहे. ही पहिली सवलत. दुसरी सवलत विक्रेत्यांची. आधुनिक औषधांच्या दुकानास विक्रीचा परवाना लागतो, नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. केवळ आयुर्वेदीय औषधे विकण्यासाठी असा परवाना लागत नाही.

या सवलतींमागे विधिमंडळाचा काही विचार होता. वैद्य आपल्या रुग्णाची प्रकृती, अग्नी, बल पाहून औषध सिद्ध करतो. त्याच्या खलबत्त्यास कारखान्याचे नियम लावणे म्हणजे चिकित्साच अशक्य करणे होय, हे मान्य झाले. म्हणजेच जेथे निरीक्षक पोहोचणार नाही, तेथे वैद्याचा धर्म पहारा करील, असा विश्वास टाकला गेला. तो विश्वास आपण कितपत सांभाळला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. इतर पॅथीच्या लोकांनी आपल्यावर केलेल्या टीकेला उत्तर देणे हा येथे हेतू नाही. घरातील गोष्ट घरात बोलावी, एवढाच हेतू आहे.

शास्त्राची अपेक्षा

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी द्रव्य हे वैद्याच्या हातातून किंवा विक्रेत्याच्या हातातून रोग्याकडे जाते. म्हणून औषधविक्रेता हा या चतुष्पादाच्या बाहेरचा कोणी व्यापारी नव्हे. द्रव्याच्या शुद्धतेपुरता तो वैद्याचा सहकारी आहे, असे आम्ही मानतो.

सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार येतात. छद्मचर म्हणजे पेट्या, ग्रंथ आणि वेष यांच्या बळावर वैद्य म्हणवणारा. सिद्धसाधित म्हणजे नामांकित वैद्यांच्या ओळखीवर स्वतःचे नाव चालवणारा. आणि जीविताभिसर म्हणजे खरोखर प्राणांचे रक्षण करणारा. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या हिताविरुद्ध मनातही विचार न आणणे, त्याच्या घरातील गोष्टी बाहेर न बोलणे, स्त्री-रुग्णाची चिकित्सा तिच्या आप्तांच्या उपस्थितीत करणे, असे नियम येतात. आज ज्याला गोपनीयता आणि संमती म्हणतात, ते आपल्याकडे पश्चिमेकडून आलेले नाही. मात्र ते आपल्या ग्रंथांत होते, एवढ्याने आपल्या दवाखान्यात ते आहे, असे सिद्ध होत नाही.

बिननावाची पुडी

आपल्याकडील बहुसंख्य दवाखान्यांत अजूनही रुग्णास पुड्या बांधून दिल्या जातात. पुडीवर सकाळ-संध्याकाळची खूण असते, अनुपान तोंडी सांगितलेले असते; परंतु आत काय आहे, हे लिहिलेले नसते. याची कारणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. गुरूकडून मिळालेला योग उघड करू नये, ही परंपरा; शेजारच्या व्यवसायबंधूस आपला योग कळेल, ही भीती; आणि नाव कळल्यावर रुग्ण पुढच्या वेळी थेट दुकानातून औषध घेईल, ही चिंता.

या तिसऱ्या कारणाच्या मुळाशी एक आर्थिक सवय आहे. आपला रुग्ण औषधाचे पैसे देतो, सल्ल्याचे देत नाही. नाडी, जिव्हा, मल, मूत्र पाहून, अर्धा तास प्रश्न विचारून केलेल्या निदानाचे मूल्य त्याला दिसत नाही. म्हणून वैद्य ते मूल्य पुडीच्या किमतीत लपवतो, आणि ते लपवायचे म्हणजे पुडीतील द्रव्यही लपवावे लागते. आमच्या मते या दुखण्यावर उपाय एकच : तपासणी शुल्क वेगळे, औषधाची किंमत वेगळी, आणि दोन्ही पावतीवर. पहिले काही महिने काही रुग्ण कुरकुरतील; परंतु ज्या वैद्याने आपल्या बुद्धीचे मोल उघडपणे मागितले, त्याला औषधाचे नाव लपवण्याची गरज उरत नाही.

आता नाव न लिहिण्याने काय घडते, ते पाहू. रुग्ण मध्यरात्री अन्य रुग्णालयात दाखल होतो. तेथील डॉक्टर विचारतात, कोणते औषध चालू आहे? नातेवाईक पुडी दाखवतात. त्या पांढऱ्या कागदातील करड्या चूर्णावरून कोणीही काही सांगू शकत नाही. रुग्ण रक्तदाबासाठी मूत्रल औषध घेत असेल आणि पुडीत दीर्घकाळ ज्येष्ठमध जात असेल, तर रक्तातील पोटॅशियम घटण्याची शक्यता वाढते. हे माहीत असेल तर उपचार सोपा, नसेल तर शोधाशोध. आरोग्यवर्धिनीत पारद, गंधक, लोह, अभ्रक, ताम्र आहेत. महायोगराज गुग्गुळात इतर भस्मांबरोबर नागभस्म आहे. असे कल्प योग्य मात्रेत, योग्य काळ द्यावेत की नाही, हा वैद्याच्या निर्णयाचा भाग झाला. परंतु ते दिले आहेत, हे रुग्णाला आणि त्याच्या पुढच्या चिकित्सकाला कळणे हा निर्णयाचा भाग नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे.

काही वैद्यबंधू म्हणतात, ‘पारद’ हा शब्द वाचून रुग्ण घाबरेल. घाबरेल, हे खरे. मग त्याला समजावून सांगण्याचे काम कोणाचे? जो कल्प आपण रुग्णाच्या तोंडावर नाव घेऊन देऊ शकत नाही, तो देण्यापूर्वी आपणच एकदा थांबून विचार करावा, हे बरे.

गुप्त योगाविषयीही थोडे बोलले पाहिजे. गुरुपरंपरेतील योगाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तथापि बहुतेक ‘गुप्त’ योग हे ग्रंथोक्त कल्पांतच एखाद-दुसऱ्या द्रव्याची भर घालून झालेले असतात. वैद्याचे खरे गुपित कोणते द्रव्य द्यावे हे नसून कोणाला, केव्हा, किती आणि किती दिवस द्यावे, हे आहे. ते कागदावर लिहून दिले तरी शेजाऱ्याला उचलता येत नाही.

भेसळीचा कलंक

बिननावाच्या पुडीचा सर्वांत मोठा तोटा असा की, प्रामाणिक वैद्याची पुडी आणि लबाडाची पुडी बाहेरून सारखीच दिसते. सांधेदुखी, दमा, त्वचारोग यांवर ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत व गोळ्यांत स्टेरॉइड किंवा आधुनिक वेदनाशामके मिसळलेली आढळण्याचे प्रकार आपल्या व्यवसायाला नवीन नाहीत. वाजीकरण म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांत सिल्डेनाफिल सापडण्याचीही उदाहरणे आहेत. आधुनिक औषधे कोणी, किती वापरावीत, हा वाद वेगळा आहे आणि तो या लेखाचा विषय नाही. ज्याला ज्या औषधाचा कायदेशीर अधिकार आहे, त्याने ते नाव लिहून द्यावे. चूर्णात लपवून देणे हे कोणत्याही पॅथीचे औषध नव्हे. ती फसवणूक आहे.

असा रुग्ण आपल्याकडे आला तर तो ओळखता आला पाहिजे. काही महिने ‘जादूची पुडी’ घेतलेल्या सांधेदुखीच्या रुग्णाचा चेहरा वाटोळा झालेला, वजन व रक्तदाब वाढलेला, रक्तशर्करा नव्याने वाढलेली, त्वचा पातळ होऊन सहज निळे डाग पडणारी, असे चित्र दिसले की संशय घ्यावा. येथे एक महत्त्वाची सूचना. रागाच्या भरात ती पुडी तत्काळ बंद करावयास सांगू नये. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीरातील अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावलेले असते. औषध एकाएकी बंद झाल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. रुग्णास ताबडतोब तज्ज्ञ फिजिशियनकडे पाठवावे, सोबत चिठ्ठी द्यावी, उरलेली पुडी जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनास कळवावे. ‘आपल्यापैकीच एक’ म्हणून गप्प बसणे म्हणजे त्या पुढच्या रुग्णांना वाऱ्यावर सोडणे होय.

जड धातूंच्या बाबतीतही असेच आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्या वेळी आपल्याकडे प्रतिक्रिया उमटली ती बहुतांशी संतापाची. शोधन-मारण केलेले भस्म आणि कच्चा धातू यांतील भेद त्या अभ्यासाने पाहिला नाही, हा आपला आक्षेप होता. आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. परंतु आपण दिलेले भस्म ग्रंथोक्त परीक्षांना उतरते, याचा पुरावा आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात आहे? वनस्पतिज औषधांसाठी शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा ठरलेल्या आहेत. आपला पुरवठादार तपासणीचा अहवाल देतो काय, हे विचारणे हा त्याचा अपमान नव्हे.

विक्रेत्यांचा धर्म

औषधविक्रेत्या बंधूंस परवाना लागत नाही, म्हणून त्यांची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. नियम १६१ अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या लेबलावर घटकद्रव्यांची खरी यादी, निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व निर्मितीची तारीख असणे आवश्यक आहे. अनुसूची ‘ई (१)’ मधील विषारी द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. त्या अनुसूचीत वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धत्तूर, जयपाल यांसारखी द्रव्ये आहेत, तशीच पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला ही खनिजेही आहेत.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. गिऱ्हाईक येऊन म्हणते, ‘तापावर काहीतरी द्या.’ काउंटरवरचा मुलगा त्रिभुवनकीर्तीची डबी पुढे करतो. तिच्यात हिंगूळ आहे, वत्सनाभ आहे. ताप किती दिवसांचा, रुग्ण लहान मूल आहे की गर्भिणी, डेंग्यूची साथ चालू आहे काय, हे कोणी विचारत नाही. लेबलावरची सूचना छापील अक्षरांत राहते. या जागी विक्रेत्याने दोनच गोष्टी कराव्यात : अशा कल्पांची वेगळी फळी ठेवावी, आणि त्या फळीवरचे औषध वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. त्याने गल्ल्यात थोडी घट येईल. परंतु ‘हा दुकानदार वाटेल ते देत नाही’ ही कीर्ती त्या घटीपेक्षा मोलाची आहे.

काष्ठौषधींच्या बाबतीत प्रश्न ओळखीचा आहे. अशोकाच्या सालीच्या नावाखाली रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या उंच, सरळ, खोट्या अशोकाची साल विकली जाते, हे सर्वश्रुत आहे. रास्ना म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती चालतात. खरा अशोक दुर्मिळ होत चालला असताना मागणी मात्र तीच आहे, तेव्हा भेसळीचा मोह वाढणारच. स्त्रीरोगात अशोक लिहिणाऱ्या वैद्यास गुण का येत नाही, याचे उत्तर कधी कधी निदानात नसून पोत्यात असते. विक्रेत्याने पोत्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व आणल्याचे ठिकाण लिहून ठेवावे. वैद्याने महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागाकडून अधूनमधून नमुना पारखून घ्यावा. प्रतिनिधी द्रव्य द्यायचे असल्यास तसे सांगून द्यावे.

चिठ्ठीमागचा हिशेब

वैद्य आणि विक्रेते यांच्यातील टक्केवारीविषयी स्पष्ट लिहिणे दोन्ही बाजूंस रुचणार नाही. तथापि या अंकाचे वाचक दोन्ही बाजूंचे आहेत, म्हणून हेच त्याचे योग्य स्थान. चिठ्ठी अमुक दुकानातच न्यावी असा आग्रह, महिनाअखेरीस मिळणारे पाकीट, कंपनीच्या ‘स्कीम’प्रमाणे बदलणारे कल्प, पंचकर्म केंद्राकडे रुग्ण पाठवल्याबद्दलची रक्कम, या साऱ्यांस ‘कट प्रॅक्टिस’ हेच नाव आहे. आधुनिक वैद्यकातील याच रोगावर आपण व्याख्यानांतून टीका करतो.

सवलतीच्या दरात औषध मिळाले आणि तो लाभ रुग्णापर्यंत पोहोचला, तर त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा घडते, जेव्हा रुग्णास न कळता त्याच्या खिशातील पैसा चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे परत येतो. कसोटी सोपी आहे. हा व्यवहार रुग्णासमोर बसून सांगता येईल काय? येत असेल तर करावा, नसेल तर सोडावा. चरकाचार्यांनी रसायनाध्यायात चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्यास तुच्छ लाभासाठी मोठा लाभ दवडणारा ठरवले आहे. तो मोठा लाभ म्हणजे रुग्णाचा विश्वास, असे आम्ही समजतो.

जाहिरातीची मर्यादा

औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या अनुसूचीतील मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, स्थौल्य, नपुंसकत्व आदी विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. नोंदणीकृत चिकित्सकाने आपल्या जागेत अमुक रोगावर उपचार होतात असा फलक लावणे यातून वगळलेले आहे. म्हणजे फलक लावण्यास हरकत नाही; ‘मधुमेह मुळापासून नष्ट’ असे पत्रक घरोघर वाटण्यास आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या नियम १७० ने आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस पूर्वपरवानगी आवश्यक केली. जुलै २०२४ मध्ये केंद्र शासनाने तो नियम वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिकाच निकालात निघाली. त्याच प्रकरणात २०२४ साली एका मोठ्या आयुर्वेदीय कंपनीस न्यायालयापुढे जाहीर माफी मागावी लागली, हे साऱ्या देशाने पाहिले. नियम येतील, जातील. १९५४ चा कायदा आहे तेथेच आहे. शिवाय चिकित्सकांच्या वर्तनाविषयी १९८२ ची विनियमावली होती, आणि २०२० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगात नीतिमत्ता व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळच आहे. तेव्हा ‘आम्हांस माहीत नव्हते’ हे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

आज जाहिरात पत्रकापुरती राहिलेली नाही. भ्रमणध्वनीवरून फिरणारे ‘आधी-नंतर’चे फोटो, रुग्णाच्या तोंडून वदवलेली स्तुती, हीसुद्धा जाहिरातच होय, आणि त्यात रुग्णाची गोपनीयताही जाते. साध्यासाध्यतेचा विचार न करता असाध्य व्याधी हाती घेणारा वैद्य अर्थ, विद्या आणि यश तिन्ही गमावतो, हा शास्त्राचा इशारा हमीची पत्रके वाटणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावा.

‘पंचकर्म’ या शब्दाचाही असाच बाजार झाला आहे. विश्रामगृहांतून व सौंदर्यकेंद्रांतून होणारे तैलमर्दन सुखकर असेल; त्याला अभ्यंग म्हणावे, पंचकर्म म्हणू नये. वमन, विरेचन, बस्ती ही शोधने वैद्याच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय होता कामा नयेत. स्वतःचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगावयास देऊन महिन्याकाठी मानधन घेणारा वैद्य आपल्या नावाने दुसऱ्यास छद्मचर होण्याची सोय करून देत असतो.

संघापुढे प्रस्ताव

केवळ उपदेशाने काही साधत नाही, म्हणून पुढील पाच गोष्टी सभासदांनी स्वेच्छेने स्वीकाराव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. प्रत्येक पुडीवर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर कल्पाचे नाव, मात्रा, तारीख व वैद्याचा नोंदणी क्रमांक लिहावा. स्वनिर्मित योग असल्यास घटकद्रव्ये लिहावीत.

२. तपासणी शुल्क व औषधाची किंमत पावतीवर वेगवेगळी दाखवावी.

३. विक्रेत्यांनी अनुसूची ‘ई (१)’ मधील द्रव्ये असलेले कल्प वेगळे ठेवावेत व चिठ्ठीवरच द्यावेत. बॅच क्रमांक बिलावर नोंदवावा.

४. औषधाचा अनिष्ट परिणाम दिसल्यास तो लपवू नये. आयुष औषधांच्या जवळच्या औषधसतर्कता केंद्रास कळवावा.

५. भेसळीचा संशय आल्यास सभासदाने संघास व प्रशासनास कळवावे, आणि संघाने अशा सभासदाच्या पाठीशी उभे राहावे.

यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही. पुडीवर शिक्का मारावयास काही सेकंद लागतात. अवघड आहे ती सवय मोडणे.

लेखाच्या प्रारंभी ज्या दोन सवलतींचा उल्लेख केला, त्या कायमच्या आहेत, असे कोणी समजू नये. जी गोष्ट विश्वासाने दिली जाते, ती विश्वास उडाल्यावर काढूनही घेतली जाते. उद्या विधिमंडळाने वैद्याच्या खलबत्त्यास कारखान्याचे नियम लावले, तर सर्वांत जास्त नुकसान होईल ते प्रकृती पाहून औषध सिद्ध करणाऱ्या प्रामाणिक वैद्याचे, आणि त्याच्यावर विसंबून असलेल्या खेड्यापाड्यांतील रुग्णांचे. लबाड माणूस तेव्हाही दुसरी वाट शोधील. तेव्हा ही सवलत टिकवण्यासाठी निवेदने व मोर्चे यांपेक्षा पुडीवरच्या दोन ओळी अधिक उपयोगी पडतील, असे आमचे नम्र मत आहे. सभासद बंधू-भगिनींनी यावर आपली मते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावीत.